खालून चढणारा पिवळेपणा

नाना, काल निफाडहून परत येताना मी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली. त्या रस्त्याला आता दोन्ही अंगांनी द्राक्षबागाच आहेत, त्यामुळे मध्ये कुठं गव्हाचा तुकडा दिसला की डोळे आपोआप तिकडं वळतात. गहू गुडघ्याएवढा झाला होता आणि मधले वाफे पिवळे पडले होते. मी चपला चिखलात रुतवत आत गेले, वाकले आणि एक रोप हातात धरून पाहिलं. खालची पानं हिरवीगार, शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी, फक्त शिरा हिरव्या. शेतकरी विहिरीकडून हाक मारत आला. "काय पाहता ताई? जागा बघायला आलात का?" हल्ली तिकडं थांबणारा प्रत्येकजण जागाच बघायला आलेला असतो. मी म्हटलं, "नाही हो, गहू बघते. पिवळेपणा वरून आलाय, खालून नाही. युरिया टाकू नका, लोह कमी पडतंय." त्यानं माझ्याकडं पाहिलं, माझ्या पर्सकडं पाहिलं. "शेतकी खात्यात हाय का तुम्ही?" मी म्हटलं, "नाही, बँकेत आहे." "मग हे कोनी शिकवलं?" "वडिलांनी," एवढं बोलून मी गाडीत येऊन बसले. त्यानं तुमच्याबद्दल पुढं काही विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. म्हणून आज रविवार बघून लिहायला बसले आहे.

तुम्ही निफाडच्या गव्हाच्या संशोधन केंद्रात होता आणि आपण केंद्राच्या आवारातल्या क्वार्टरमध्ये राहायचो. माझ्या वर्गातल्या मुली हिवाळा आला की स्वेटरबद्दल बोलायच्या, आपल्याकडं हिवाळा म्हणजे पेरणी. दिवाळीचे कंदील उतरायच्या आत तुमची पेरणीची पाभर शेतात गेलेली असायची. आईचा त्यावरून दरवर्षी एकच रुसवा, की भाऊबीजेला माहेरी जाताना तुम्ही कधी सोबत नसता. माझ्या एका वाढदिवसाला, मी चौथीत असेन, तुम्ही सुताराकडून एक लाकडी पेटी करून आणली. उंच, चपटी, पुस्तकासारखी, आणि एका बाजूला काच. मला वाटलं बाहुलीचं कपाट असेल. तुम्ही त्यात माती भरली, काचेला लागून गव्हाचे दाणे टोचले आणि काचेवर काळं कापड टाकलं. "मुळांना उजेड आवडत नाही. रोज एकदाच उघडायचं, बघायचं आणि झाकायचं." मी पहिल्या दिवशी रडले. मैत्रिणींना काय दाखवू, असं आईला विचारलं. पण थोड्या दिवसांनी कापड वर केलं तर काचेला चिकटून पांढरी दोऱ्यासारखी मुळं खाली निघालेली, आणि त्यांच्यावर इतकी बारीक लव की श्वास सोडला तर उडून जाईल असं वाटावं. तुम्ही माझ्या शेजारी उकिडवे बसला आहात. बोटानं काचेवर दाखवताय. "ही लव आहे ना, ही पिते. मोठं मूळ फक्त धरून ठेवतं. पाण्यात विरघळलेलं नत्र वाहत येऊन मुळाला भेटतं. पण स्फुरद आळशी आहे, ते जागचं हलत नाही, मुळाला त्याच्या दारात जावं लागतं. म्हणून ते पेरतानाच दाण्याजवळ द्यायचं." मला फक्त आळशी हा शब्द कळला होता. नंतर कितीतरी दिवस आई मला हाक मारून थकली की म्हणायची, "काय गं स्फुरद, उठतेस का?"

तुमची प्रयोगशाळा मला आपल्या घरापेक्षा जास्त आठवते. फुटवे फुटल्यावर, कांडी धरल्यावर, ओंबी बाहेर पडल्यावर, दाणा चिकात आल्यावर, अशा प्रत्येक वेळी तुम्ही शेतातून रोपं उपटून आणायचा आणि लांब टेबलावर त्यांचे भाग वेगळे करायचा. पानं एकीकडं, कांडी एकीकडं, ओंब्या एकीकडं. सगळं खाकी पिशव्यांमध्ये भट्टीत वाळायचं, मग दळायचं, मग ॲसिडमध्ये उकळायचं. त्या धुराचा वास तुमच्या शर्टाला यायचा, आई तुमचे कपडे वेगळे भिजवायची. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी तिथं उंच स्टुलावर बसायचे. बाटलीतलं गुलाबी पाणी नत्राचा वायू आत आला की हिरवं व्हायचं, आणि तुम्ही वरून थेंब थेंब सोडत ते परत गुलाबी करायचा. शेवटच्या थेंबाला तुम्ही श्वास रोखायचा. मीही रोखायचे. असं वर्षानुवर्षं तुम्ही एकच गोष्ट बघत होता, की दाण्यात जे नत्र जातं ते येतं कुठून. आणि तुम्ही मला ते इतक्यांदा सांगितलं होतं की मला पाढ्यांसारखं पाठ झालं होतं. गहू फुलोऱ्यात येईपर्यंत जमिनीतून जेवढं घ्यायचं तेवढं जवळजवळ सगळं घेऊन ठेवतो, पानात, कांडीत. मग दाणा भरायला लागला की मुळं मंदावतात आणि रोप स्वतःचीच पानं मोडायला घेतं. सगळ्यात खालचं पान आधी, मग त्याच्या वरचं. शेवटी ओंबीखालचं ते शेंड्याचं पान. म्हणून उपाशी गव्हाचा पिवळेपणा खालून चढतो, आणि लोहासारखं जे रोपात हलूच शकत नाही ते कमी पडलं तर वरून उतरतो. तुम्ही कात्रीनं काही रोपांची शेंड्याची पानं कापून टाकायचा आणि नंतर त्यांच्या ओंब्या चोळून दाणे तळहातावर घ्यायचा. ते दाणे सुरकुतलेले असायचे. "बघ," तुम्ही म्हणायचा, "एका पानाचा हिशेब केवढा असतो."

दहावीत असताना मी यावर निबंध लिहिला. गव्हाचं पान आपल्या लेकरासाठी, म्हणजे दाण्यासाठी, कसं हसत हसत सर्वस्व देतं आणि पिवळं होऊन गळून जातं, असं काहीतरी. त्याला तालुक्यात बक्षीस मिळालं, गुरुजींनी तो सगळ्या शाळेसमोर वाचून दाखवला. मी धावत घरी आले आणि तुमच्या हातात कागद दिला. तुम्ही ओट्यावर चहा घेत होता. पूर्ण वाचलात, चष्मा काढलात. मला वाटलं तुमचे डोळे भरून आले. तुम्ही म्हणालात, "हे खोटं आहे." आई दारात आली. "अहो, पोरीला बक्षीस मिळालंय." "मिळू दे. अक्षर छान आहे. पण पान हसतबिसत नाही. पान देत नाही, त्याच्यातून काढून घेतलं जातं. त्याला कोणी विचारलेलं नसतं. आपण माणसं आपलं काहीही झाडांच्या गळ्यात घालतो." मी तो कागद तुमच्या हातून ओढून घेतला आणि दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही शाळेच्या फाटकाशी स्कूटर घेऊन उभे होता आणि मला नाशिकला नेऊन मिसळ खायला घातलीत. माफी तुम्हाला शब्दांत मागता येत नव्हती. मला त्याचं काही वाटलं नाही, मिसळ पुरेशी होती.

माझं लग्न झालं, मी नाशिकला बँकेत लागले, आणि त्याच सुमारास तुमचे पाय सुजायला लागले. तुम्ही म्हणायचा बांधावर उभं राहून होतं. मग चेहराही सुजायला लागला. मग एक दिवस प्रयोगशाळेत तुम्ही बाटलीतला रंग बदललेला ओळखलाच नाही, नुसते बघत बसलात, आणि तिथली माणसं तुम्हाला जीपमध्ये घालून नाशिकला घेऊन आली. डॉक्टर म्हणाले, दोन्ही किडन्या जवळजवळ गेल्यात. आठवड्यातून दोनदा डायलिसिस लागेल. तुम्ही आणि आई आमच्याकडं राहायला आलात. माझ्या नवऱ्यानं बाहेरची खोली रिकामी करून तुमची खाट खिडकीशी लावली, आणि तुम्ही पहिल्याच दिवशी त्याला म्हणालात, "जावईबापू, पाहुणा लांबला की कंटाळा येतो, तसं झालं की सांगा." तो बिचारा माझ्या तोंडाकडं बघत राहिला.

आहाराचा तक्ता घेऊन मी दवाखान्यातून आले तो दिवस अजून तसाच डोळ्यांपुढं आहे. तुम्ही खाटेवर बसला आहात, मी एकेक वाचते आहे. नारळपाणी बंद. केळी बंद. टोमॅटो, बटाटा बंद, नाहीतर बारीक चिरून कोमट पाण्यात भिजवून, ते पाणी फेकून, परत उकळून तेही पाणी फेकून. पालाश, म्हणजे तक्त्यातलं पोटॅशियम, वाढलं तर हृदय थांबेल. दूध, डाळी कमी, स्फुरद, म्हणजे फॉस्फरस वाढतं. चपातीसुद्धा कमी करा, कोंड्यात स्फुरद असतं, पांढरा भात चालेल. वाचता वाचता माझा आवाज जायला लागला आणि तुम्ही मात्र हसायला लागलात. खरोखर हसलात, खांदे हलेपर्यंत. "अगं, जन्मभर लोकांना पालाश द्या, स्फुरद द्या म्हणून सांगत फिरलो, आणि आता माझ्याच पोटात ते जास्त झालं." मग जरा थांबून म्हणालात, "डॉक्टर बरोबर सांगतोय. गव्हातलं स्फुरद शेवटी दाण्याच्या सालीत जाऊन बसतं. पालाश बहुतेक काडातच राहतं, गुरांच्या वाट्याला. एकूण माणसानं चपाती खाण्यापेक्षा..." आई उठून आत गेली. त्या रात्री आपण तिघं भात जेवलो. गव्हावर आयुष्य काढलेल्या माणसाच्या ताटात चपाती नाही, हे बघत मी माझ्या ताटातला भात नुसता चिवडत होते. तुम्ही मात्र भात मुकाट्यानं कालवत होता.

त्यानंतर माझं स्वयंपाकघर तुमच्या प्रयोगशाळेसारखं झालं. सकाळी बँकेत जायच्या आधी दुधी, कोबी, दोडकी बारीक चिरायची, पातेल्यात भिजत टाकायची, पाणी ओतून द्यायचं, परत गरम पाणी घालायचं. मोरीत ते हिरवट पाणी वाहून जाताना मी बघत राहायचे. सगळी चव त्या पाण्याबरोबर जायची. तुम्ही एकदाही बेचव म्हणाला नाहीत. उलट एकदा स्वयंपाकघराच्या दाराला धरून उभे राहिलात आणि म्हणालात, "अजून बारीक चीर. जितकं बारीक, तितकं जास्त निघतं." मला इतका राग आला. मी सुरी खाली ठेवली आणि म्हटलं, "मला शिकवू नका. त्यापेक्षा मी म्हणते ते ऐका." तुम्हाला लगेच कळलं मी कशाबद्दल बोलतेय. तुम्ही वळून खोलीत गेलात.

कारण डॉक्टरांनी पहिल्याच महिन्यात विचारलं होतं, घरातलं कोणी किडनी देऊ शकेल का. आईला साखर होती, तिचं तिथंच संपलं. राहिले मी. माझा नवराही म्हणाला, "तू ठरव, मी तुझ्याबरोबर आहे." फक्त तुम्ही तयार नव्हता. मी किती प्रकारे विचारलं असेल. हात धरून, चिडून, आईला पुढं करून. एका रविवारी दुपारी तुम्ही डायलिसिसहून आल्यासारखे थकून पडला होता, खरंतर त्या दिवशी डायलिसिस नव्हतं, थकवाच आता रोजचा झाला होता. मी खाटेशी खाली बसले. "नाना, नुसतं रक्त तपासू या. जुळत नसेल तर प्रश्नच मिटला."

"नको."

"का पण?"

"तुझं अजून सगळं व्हायचंय. मूलबाळ व्हायचंय."

"डॉक्टर म्हणतात एका किडनीवर मूल होतं. सगळं होतं."

तुम्ही छताकडं बघत म्हणालात, "गव्हात कधी पाहिलंस का, वरच्या पानातलं काढून खालच्या पानाला दिलेलं? जातं ते खालून वर. जुन्याकडून नव्याकडं. उलटं जात नाही."

"तुम्ही गहू नाही, नाना!" मी इतक्या जोरात ओरडले की शेजारची बाई गॅलरीत आली. "आणि तुम्हीच मला सांगितलं होतं, पानाला कोणी विचारत नाही म्हणून. मला विचारा ना! मला तोंड आहे. मी हो म्हणतेय."

तुम्ही माझ्याकडं वळून पाहिलंत. मला वाटलं आता जिंकले. पण मग तुमच्या तोंडून तुमच्या गावचा आवाज आला, जो फक्त आजोबांशी बोलताना यायचा. "नाय म्हनलं ना एकदा. नाय म्हंजे नाय." आणि भिंतीकडं तोंड केलंत.

असं एक वर्ष गेलं, नाना. पूर्ण वर्ष. त्या वर्षात तुमचा हात सुयांनी दोरखंडासारखा झाला. तुमच्या पँटी आईनं दोनदा आत घेतल्या. उन्हाळ्यात तुम्ही दिवसाला दोन पेले पाण्यावर होता आणि माठाजवळून जाताना तोंड फिरवायचा. केंद्रातल्या बायका, ज्या तुमच्या प्लॉटात निंदणी करायच्या, त्या एकदा भेटायला आल्या. त्यातली म्हातारी बाहेर येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "साहेब लय बारीक झाले गं ताई. पोरासारखे दिसाया लागले." मी तिला चहा दिला आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसले.

शेवटी जे माझ्यानं झालं नाही ते आईनं केलं. आई तुमच्याशी कधी वरच्या आवाजात बोलली नव्हती, त्या दिवशीही बोलली नाही. ती तुमच्या पायांना तेल चोळत होती आणि मी पलीकडं तुमची चादर घडी करत होते. ती म्हणाली, "तुम्ही नाही म्हणून मोकळे व्हाल. तुमचं ते 'नाही' घेऊन ती कुठं जाईल?" एवढंच. मी चादर तशीच धरून उभी राहिले. तुम्ही म्हणालात, "रक्त तपासायला कुठं जावं लागतं?"

मुंबईच्या दवाखान्यात तपासणीला आपण भाड्याच्या जीपनं गेलो. कसारा घाटात धुकं होतं. आई मागं झोपली होती. तुम्ही खिडकीला डोकं टेकून बसला होता आणि अचानक म्हणालात, "मला मरणाची भीती नव्हती हं." मी म्हटलं, "माहितीय." "नाही, ऐक. तू टेबलावर असताना तुला काही झालं आणि मी वाचलो, तर त्या जगण्याचं मी काय करायचं, हे मला कळत नव्हतं. अजूनही कळत नाही." मी तुमचा तो सुजलेला हात माझ्या मांडीवर घेतला. घाट उतरेपर्यंत तो सोडला नाही. माझ्या आयुष्यात तुम्ही मला याहून मोठं काही सांगितलं नाही आणि याहून जवळही कधी आला नाहीत.

जुळलं. डॉक्टर म्हणाले, इतकं छान क्वचित जुळतं. कागदपत्रं सुरू झाली, सह्या झाल्या, तारीख मिळायची होती. ते दिवस मी कधी विसरणार नाही, कारण ते आनंदाचे होते. तुम्ही आईला सांगितलंत, बरा झालो की आधी चार चपात्या खाणार, तूप लावून. तुम्हाला शेतात जाता येत नव्हतं म्हणून मी दर रविवारी केंद्रात जाऊन, तिथल्या माणसांनी यंदा पेरलेल्या तुमच्या प्लॉटातलं एक रोप मुळासकट बादलीत आणायचे. तुम्ही खाटेवर वर्तमानपत्र पसरून ते मांडीवर घ्यायचा. पानांवरून अंगठा फिरवायचा, कांडी दाबून बघायचा, मुळांची माती हलकेच झटकायचा. तुमची बोटं तेवढ्यापुरती परत जुनी व्हायची. एका रविवारी ओंबी पूर्ण बाहेर आलेली होती, तिच्यावर बारीक पिवळे परागकोश लोंबत होते. तुम्ही म्हणालात, "झालं. आता जे घ्यायचं ते घेऊन झालं याचं. आता नुसतं इकडचं तिकडं." माझ्या नवऱ्यानं हसत विचारलं, "म्हणजे आमच्या बँकेसारखंच की?" तुम्हीसुद्धा हसलात. त्याच्या विनोदाला तुम्ही हसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

त्याच आठवड्यात तुम्हाला थंडी वाजून ताप आला. डायलिसिसच्या नळीतून जंतू रक्तात गेले, असं डॉक्टर म्हणाले. आधी म्हणाले, उतरेल, मग तारीख थोडी पुढं ढकलू. मग तारखेबद्दल बोलायचे बंद झाले. शेवटच्या दिवशी दुपारी तुम्ही शुद्धीवर आलात. ओठ सुकले होते, मी ओल्या कापसानं पुसत होते. तुम्ही विचारलंत, "चिकात आला का?" मला त्या रविवारी केंद्रात जाता आलं नव्हतं. पण फुलोरा बघितल्याला किती दिवस झाले ते मोजलं आणि म्हटलं, "आला असेल, नाना. दाणा दाबला तर दूध येत असेल." "खालची पानं?" "गेली असतील." "शेंड्याचं?" "हिरवं आहे." तुम्ही मान हलवलीत, समाधानानं, एखाद्या विद्यार्थिनीनं बरोबर सांगितल्यासारखी. नंतर आईकडं बघून काहीतरी म्हणालात, ते आम्हा दोघींनाही कळलं नाही. आई अजून म्हणते, त्यांनी पाणी मागितलं असेल. मला वाटतं तुम्ही तिला नावानं हाक मारली असेल. आम्ही यावर कधी भांडत नाही. दिवस मावळायच्या आत तुम्ही गेलात.

मी डॉक्टरांना विचारलं, वर्षापूर्वी केलं असतं तर? ते भले गृहस्थ होते, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "असं काही सांगता येत नाही." मी त्यांना परत विचारलं नाही. पण स्वतःला विचारायचं मी अजून थांबवू शकले नाही. तुमच्यावर रागावायचंही थांबवू शकले नाही. तुम्ही ते वर्ष माझ्यावरच्या प्रेमापोटी घालवलंत हे मला कळतं, आणि कळून राग जात नाही. उलट त्यामुळं तो कुणावर काढता येत नाही.

मार्चमध्ये तुमच्या प्लॉटाची कापणी झाली. एक दिवस ती निंदणीवाली म्हातारी एस.टी.नं नाशिकला आमच्याकडं आली आणि पदराच्या गाठीतून गहू काढून आईच्या ओंजळीत घातला. "साहेबांच्या प्लाटातला गहू हाय. हापिसात मोजून झाला, ह्यो झाडून काढल्याला." आईनं तो निवडला. मला वाटलं ती देव्हाऱ्यात ठेवेल, किंवा पिशवीत बांधून कपाटात. ती म्हणाली, "ठेवून किडे होतील. त्यांना आवडलं नसतं." तिनं तो जात्यासारख्या छोट्या घरगुती चक्कीत दळला, आणि त्याच्या जेमतेम तीन लहान चपात्या झाल्या. कोंड्यासकट, तपकिरी, गोडसर वासाच्या. आम्ही तिघं ताटं घेऊन बसलो. तुम्ही गेल्यावर दहावं, तेरावं सगळं रीतसर झालं होतं आणि आई कुठंच रडली नव्हती. पहिला घास मोडला आणि तिचा हात तिथंच थांबला. "दीड वर्ष," ती म्हणाली, "दीड वर्ष त्यांना मी ही दिली नाही." मग ती जी रडली, ती संध्याकाळपर्यंत. मी तिला धरून बसले. तिची चपाती आम्ही कुणी खाल्ली नाही, कुणी टाकलीही नाही. शेवटी माझ्या नवऱ्यानं ती उचलून मागच्या दाराशी आलेल्या गाईला घातली.

मला दोन मुलं झाली, नाना. आई आता त्यांच्याबरोबर टीव्ही बघते आणि त्यांना तुमच्या गोष्टी सांगते, त्यात तुम्ही खूपच शांत आणि प्रेमळ असता. मी तिला टोकत नाही. हा कागद कुठल्या पत्त्यावर टाकायचा, हा प्रश्नच नाही, लिहून झाला की मी तो फाडून टाकीन. पण एक गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही, ती लिहिते. गेल्या महिन्यात माझ्या पोटात दुखत होतं म्हणून सोनोग्राफी केली. पित्ताशयात खडा निघाला, काळजीचं काही नाही. डॉक्टर अगदी तरुण मुलगा होता, पडद्याकडं बघत उत्साहानं म्हणाला, "बाकी सगळं मस्त आहे हं मॅडम. दोन्ही किडन्या एकदम नॉर्मल." आणि माझ्या डोळ्यांतून जे पाणी सुरू झालं ते कानांत जायला लागलं. तो घाबरला. "दुखलं का? जोरात दाबलं का मी?" मी म्हटलं, "नाही, जेल फार गार आहे." तो सॉरी म्हणाला आणि पंखा बंद केला. तेव्हा मुंबईच्या सर्जननं माझी डावी किडनी घ्यायचं ठरवलं होतं, तुम्हाला ते सांगायचं राहून गेलं. ती मी अजून तुमचीच धरते.